शेत तुमचं, हरीण नाही

दसरा उलटून दादर ज्वारी आणि हरभऱ्याची पेरणी सुरू झाली की शहादा-तळोद्याकडे पारावरचे कायदेपंडित जागे होतात. त्यांचं म्हणणं ठरलेलं असतं: शेत माझं, पीक माझं, मग त्यात शिरलेलं हरीणही माझंच. हल्ली त्याला मोबाइलवरच्या अमेरिकी व्हिडिओंची जोड मिळाली आहे. तिकडे शिकारी उन्हाळा सरताना ओट, क्लोव्हर, सलगम पेरतात, थंडी पडली की मचाणावर बसतात आणि चरायला आलेलं हरीण टिपतात. ते पाहून आपल्याकडेही कुणीतरी विचारतंच, ‘बांधालगत हरभऱ्याचा एक पट्टा हरणांसाठी सोडला तर?’

शिकारीसाठी सोडत असाल तर तो पट्टाच तुम्हाला कोर्टात नेईल. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम २ उघडून वाचा. शिकार म्हणजे नुसती गोळी घालणं नव्हे. विष घालणं, फास लावणं, हाका करून हुसकावणं, आमिष दाखवून बोलावणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं तिथे ‘शिकार’ आहे. त्यामुळे हरभरा पेरून, बंदूक मांडीवर घेऊन रात्रभर बसलेल्या माणसाला ‘हरीण आलंच नाही साहेब’ म्हणून सुटता येणार नाही. कलम ९ शिकारीला बंदी घालतं, आणि ती बंदी सातबाऱ्याच्या हद्दीपाशी थांबत नाही. बेकायदा मारलेला, मेलेला सापडलेला, अगदी चुकून मारला गेलेला वन्यप्राणीसुद्धा कलम ३९ नुसार सरकारी मालमत्ता असतो.

इथे हमखास स्वसंरक्षण पुढे केलं जातं. कलम ११ मध्ये ती सूट आहे, पण माणसाचा जीव वाचवण्यासाठी. गव्हाच्या ओंब्या वाचवायला ती लागू होत नाही. पिकासाठी वेगळी वाट आहे आणि ती लेखी परवानगीतून जाते. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि नीलगाय यांच्याबाबत वन विभाग असा परवाना देऊ शकतो. तो हातात नसेल तर रानडुक्कर मारणं हाही गुन्हाच. काळवीट, चिंकारा, चौसिंगा हे तर पहिल्या अनुसूचीत आहेत. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा जनावर बरं न होण्याइतकं जखमी वा आजारी असेल, तरच त्यांच्यासाठी परवानगीचा विचार होतो. पिकाचं नुकसान हे कारण तिथे चालतच नाही. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि दंडही वाढला. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, वर किमान २५ हजार दंड. एका रात्रीच्या मटणासाठी हा हिशेब कुणाला परवडणार आहे?

याच गैरसमजाचं दुसरं रूप जास्त चीड आणणारं आहे: ‘आदिवासींना शिकारीची सूट आहे.’ हे धडगाव-अक्कलकुव्याच्या भिल्ल-पावरा पाड्यांवर जितकं ऐकू येतं, त्याहून जास्त शहरातल्या दिवाणखान्यांत ऐकू येतं. बहुतेकदा स्वतःच्या हौसेसाठी कुणाला तरी पुढे करायचं असतं म्हणून. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा हक्क दिला, मोह, चारोळी, तेंदूपानासारख्या गौण वनोपजाचा दिला, चराईचा दिला. मात्र पारंपरिक हक्कांची यादी देतानाच, शिकार करणं, सापळे लावणं आणि वन्यप्राण्याच्या शरीराचा भाग काढणं त्यातून वगळल्याचं कलम ३ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे. वनपट्ट्याचा कागद हा शिकारीचा परवाना नाही. शंका असेल त्याने ग्रामसभेत कायद्याची प्रत वाचून घ्यावी.

‘पूर्वी परवाना मिळायचा’ हे मात्र खरं आहे. जेम्स आउटरॅमने १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, त्या काळी साहेबलोकांना शिकारीला मोकळं रान होतं. १९७२ नंतरही काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने निघत होते. १९९१ च्या दुरुस्तीने तेही बंद झाले. बंदुकीवर ‘पीक संरक्षणासाठी’ असा शेरा असला तरी तो शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे, प्राणी मारण्याचा नाही.

व्हिडिओतलं वेळापत्रकही इथे चालत नाही. अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण नोव्हेंबरच्या सुमारास माजावर येतं आणि पुढे कडक हिवाळा असतो, म्हणून तिथली पेरणी शरदात. आपल्या चितळाचा माज मुख्यतः उन्हाळ्यात असतो.

मग मारायचं नाही, नुसतं खाऊ घालायचं, तर? भावना चांगली, उपाय वाईट. घोळक्याने एका जागी चरणाऱ्या जनावरांत लाळ्या-खुरकूत झपाट्याने पसरतो आणि गुरांचा रोग हरणांना लागतो. हरणामागून बिबट्याही येतो, आणि तळोद्याच्या ऊसपट्ट्याला बिबट्याचं आमंत्रण नको आहे. कोवळी ज्वारी खाऊन गुरांना किरळ लागते हे प्रत्येक शेतकरी जाणतो. रवंथ करणाऱ्या हरणाचं पोट त्याहून वेगळं नाही. वन विभाग अभयारण्यांत कुरणं तयार करतो तेव्हा तिथे बरसीम पेरत नाही. तण काढून मारवेल, पवन्यासारखी इथलीच गवतं वाढू देतो.

उरलेले गैरसमज थोडक्यात. नीलगाय गाय नाही, ती कुरंग (अँटिलोप) गटातली आहे. जंगलात गळून पडलेलं सांबरशिंग दिवाणखान्यात लावायला किंवा विकायला मोकळं नसतं. कुंपणात थेट वीज सोडणं आणि झटका मशीन लावणं एकच नव्हे: झटका मशीन क्षणभराचा धक्का देऊन जनावराला परतवतं, तर थेट विजेची तार हरणाआधी शेजाऱ्याचा जीव घेऊ शकते.

नुकसान झालं असेल तर भरपाई मागा, तो तुमचा हक्क आहे. रानडुक्कर, हरीण, नीलगाय यांनी खाल्लेल्या पिकाची भरपाई राज्य सरकार देतं. मात्र दुसऱ्या दिवशीच वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला लेखी कळवा, पंचनाम्याआधी रान नांगरू नका, फोटो काढून ठेवा. फास दिसला किंवा जखमी हरीण सापडलं तर वन विभागाचा टोल-फ्री क्रमांक १९२६ आहे.