मज्जावरण आणि आपपरभाव

पिसाळलेले कुत्रे चावले की पोटात चौदा इंजेक्शने, ही धास्ती महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी बाळगली. ती सर्वस्वी अज्ञानमूलक नव्हती. डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली कसौली येथे सिद्ध केलेली आणि पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेतही तयार होऊ लागलेली ही लस म्हणजे विषाणूंची लागण केलेल्या मेंढीच्या मेंदूचा, फिनॉलने निष्क्रिय केलेला द्राव होय. अलर्करोग जडल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ. तेव्हा ती टोचणेच रास्त होते. परंतु काही थोड्यांना लशीनंतर दोनएक आठवड्यांत पक्षाघात होई, आणि तो अलर्कामुळे झालेला नसे.

थॉमस रिव्हर्स यांनी १९३३ साली न्यूयॉर्क येथे माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क वारंवार टोचला. विषाणू नसतानाही काही माकडे लुळी पडली. त्यांच्या मज्जातंतूंवरील आवरण जागोजागी झडले होते. दोष विषाणूचा नव्हता, मेंदूच्या द्रव्याचाच होता. पुढे १९६० साली फिलिप पॅटरसन यांनी रोगी उंदरांच्या लसीका ग्रंथींतील पेशी निरोगी उंदरांना दिल्या. पेशींबरोबर रोगही गेला. सेंपल लशीने पीडित झालेल्या थायलंडमधील रुग्णांच्या रक्तात मज्जावरणातील एका विशिष्ट प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली, ती १९८७ साली.

येथे आपल्या नेहमीच्या रूपकाची अडचण होते. रोगप्रतिकाराचे वर्णन मराठीत बहुधा सैन्य, शत्रू, तटबंदी या शब्दांनी केले जाते. मग स्वशरीरावरील हल्ला म्हणजे ‘ओळखीतली चूक’ ठरतो. वस्तुतः ओळख अचूकच असते. मेंढीचे आणि माणसाचे हे प्रथिन जवळजवळ सारखे आहे. त्याला ओळखणाऱ्या टी-पेशी निरोगी माणसाच्या रक्तातही असतात, असे १९९० च्या सुमारास दिसून आले. थायमस ग्रंथीत होणाऱ्या निवडीतून त्या निसटलेल्या असतात आणि एरवी स्वस्थ राहतात. लशीतून तेच प्रथिन त्वचेखाली वारंवार आले की तेथील पेशी त्याचे तुकडे त्यांच्यापुढे मांडतात. चेतवलेल्या टी-पेशी रक्त आणि मेंदू यांमधील अडसर ओलांडतात. आत तेच प्रथिन पुन्हा भेटते. त्या भक्षक पेशींना पाचारण करतात, आणि आवरण सोलले जाते. बिघडते ते ज्ञान नव्हे, प्रसंग. मराठीतील ‘आपपरभाव’ हा जुना शब्द या स्थितीला ‘शत्रू’पेक्षा अधिक जवळचा वाटतो.

भारतात या लशीचे उत्पादन २००४ अखेर थांबले. दंडात टोचल्या जाणाऱ्या आजच्या लशी पेशीसंवर्धनातून होतात. मेंदूचा अंश त्यांत नसतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही मज्जावरण असेच झडते, पण तेथे मेंदूचे द्रव्य कोणी टोचलेले नसते. त्या पेशींना जागे कोण करते, या प्रश्नात २०२२ पासून एप्स्टाइन-बार विषाणूवरील संशय बराच बळावला आहे.