माहानच्या घुमटाला दख्खनचा पैसा

माहान (इराण) : केरमान शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना करडं, उघडं वाळवंट. आग्नेयेला सुमारे ३५ किलोमीटरवर माहान लागतं आणि सुरूच्या झाडांमागे निळा घुमट दिसू लागतो. सूफी संतकवी शाह नेमतुल्लाह वली यांची ही समाधी. १४३१ मध्ये ते वारले.

महाराष्ट्रातून इराणला येणाऱ्याने इस्फहान, शिराझ पाहावंच, पण माहान चुकवू नये. कारण हा घुमट बांधवला तो बीदरच्या अहमदशाह बहमनीने. तो या संतांचा मुरीद, म्हणजे शिष्य. त्याने त्यांना आग्रहाने दख्खनला बोलावलं. ते आले नाहीत. नातू नूरुल्लाहला पाठवलं. पुढे पुत्र खलीलुल्लाहही बीदरला गेले आणि तिथेच त्यांची समाधी, म्हणजे चौखंडी, उभी राहिली. माहानची मूळ वास्तू १४३६ ची, आणि अहमदशाहही त्याच वर्षी गेला. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा बहमनी राज्यात होता. या विटांत आपल्याकडच्या शेतसाऱ्याचाही वाटा असणार, या विचाराने मी भारावून गेलो.

माहानच्या मुलखात लाकूड दुर्मीळ, माती मुबलक. म्हणून तुळयांऐवजी विटांच्या कमानी आणि घुमट. उन्हाने डोळे दिपवणाऱ्या त्या मातकट पसाऱ्यात निळ्या टाइल्सचं मोल कळतं. घुमटभर ताऱ्यांची जाळी आहे. वर जाताना घुमट निमुळता होतो, तशी प्रत्येक थरातल्या ताऱ्यांच्या टोकांची संख्या बदलते, आणि तरी नक्षी कुठे तुटत नाही. ही भूमिती जमवणाऱ्या कारागिरांपुढे मी तरी हात जोडतो. पुढे इराणचा बादशाह शाह अब्बास याने डागडुजी केली, भर घातली. प्रवेशाचे दोन मिनार काजार राजवटीच्या काळातले. अंगणांतून हौद आणि झाडं आहेत. या भागाला पाणी पुरवलं ते कनातींनी : डोंगरपायथ्याचं भूजल केवळ उताराच्या जोरावर गावापर्यंत आणणारे भुयारी कालवे. पंपाशिवाय शेकडो वर्षं चाललेली ही व्यवस्था मला घुमटाइतकीच थोर वाटते.

आत चिल्लाखाना आहे, चाळीस दिवसांच्या एकांतसाधनेची चिमुकली खोली. भिंतींपासून छतापर्यंत सुलेखन. भाविक इथे घुटमळतात.

माहान दूर वाटलं तर बीदरजवळच्या अष्टूरला जा. तिथे अहमदशाहच्या कबरीच्या आत, रंगीत नक्षीत, याच नेमतुल्लाहांच्या काव्यपंक्ती लिहिलेल्या आहेत. त्याच्या उरुसाला मुसलमानांबरोबर लिंगायत भाविकही येतात. ते त्याला अल्लमप्रभूंचा अवतार मानतात.