नगरपंचायतीचे पर्यावरण-रक्षण: मालेगावच्या निमित्ताने

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव हे तालुक्याचे ठिकाण असून त्याचा कारभार नगरपंचायतीकडे, म्हणजेच ग्रामीण वस्तीतून शहराकडे वाटचाल करणाऱ्या गावासाठी कायद्याने योजलेल्या स्थानिक संस्थेकडे आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापनाबरोबरच पर्यावरणाचे संरक्षण हाही नागरी संस्थांचा विषय म्हणून नोंदवलेला आहे. त्यामुळे नगराध्यक्ष, नगरसेवक आणि शासननियुक्त मुख्याधिकारी यांना प्रदूषणाचा प्रश्न केवळ वरच्या यंत्रणेवर सोपवता येत नाही. वाशीम जिल्ह्यात ही जबाबदारी गावाच्या हद्दीपुरती राहत नाही, कारण या जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा नदी पुढे अकोला जिल्ह्यात जाते आणि महान येथील धरणातून अकोला शहराला पाणी मिळते.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारचा कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. घंटागाडीतून आलेला सुका कचरा शेडमध्ये पसरून त्यातील पुठ्ठा, काच, धातू आणि प्लास्टिक हाताने निवडले जाते, तर भाजीची देठे, साली आणि उरलेले अन्न यांच्या लांबट राशी रचून, त्यांवर पाणी शिंपडून आणि त्या ठरावीक दिवसांनी वरखाली करून खत बनवले जाते. रास नीट कुजत असेल तर तिच्या पोटातील उष्णता साधारण ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि रोगजंतू व तणांचे बी बरेचसे मरते. हवा न मिळाल्यास मात्र दुर्गंधी सुटते आणि काळे पाणी पाझरू लागते. शेवटी चाळणीवर उरणाऱ्या पिशव्यांच्या चिंध्या आणि काचेचे तुकडे पाहिले, की घराच्या दारात वर्गीकरण किती झाले होते हे कळते. असे तुकडे मिसळलेले खत शेतकरी आपल्या सोयाबीन-तुरीच्या रानात टाकणार नाही.

लोकप्रतिनिधींचे खरे काम इथे सुरू होते. सफाईच्या ठेकेदाराला केवळ वजनावर देयक मिळत असेल, तर कचरा एकत्र आणण्यातच त्याचा फायदा असतो. म्हणून वर्गीकरणाचे प्रमाण करारातच अट म्हणून घालणे आणि ती पाळली गेल्याखेरीज देयक मंजूर न करणे हा सभागृहाच्या हातातील प्रभावी उपाय आहे. २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदी अधिसूचनेनुसार पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंडाची तरतूद झाली, परंतु बाजारपेठेत ओळखीच्या दुकानदाराकडून तो वसूल करण्यास नगरसेवकांचा उघड पाठिंबा लागतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांनुसार स्थानिक संस्थांचे मूल्यमापन होते. त्यातील गुण उपयुक्त असले तरी वृक्षारोपणाच्या छायाचित्रांपेक्षा जगलेल्या झाडांची मोजणी अधिक महत्त्वाची आहे.

लहान शहराचे पर्यावरण मोठ्या घोषणांनी सुधारत नाही. मालेगावसारख्या प्रत्येक नगरपंचायतीने दर सर्वसाधारण सभेत मागील महिन्याच्या वर्गीकरणाचा, तयार झालेल्या खताचा आणि वसूल दंडाचा हिशेब मांडावा, आणि नागरिकांनीही मत मागायला येणाऱ्या उमेदवाराकडे रस्त्याइतक्याच आग्रहाने हा हिशेब मागावा.