पडद्यावरच्या बर्फाचा हिशेब
‘फ्रोझन’ची तयारी चालू असताना डिस्नेच्या ॲनिमेशन स्टुडिओतली काही मंडळी अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात गेली आणि लांब घागरे घालून खोल बर्फात चालून आली. पुरुषांनीही घागरे चढवले होते. पाय कुठवर रुततो, घेर कसा अडतो, बाजूचा बर्फ ढासळतो की तसाच उभा राहतो, हे स्वतः पाहायचे होते. सिनेमातली ॲना अशाच कपड्यांत बर्फातून वाट काढणार होती.

तोच बर्फ संगणकात उतरवणे मात्र महाकठीण. पाणी, धूर, ज्वाळा यांचे सिम्युलेशन तोवर चांगले रुळले होते. बर्फ धड द्रवात बसेना, धड घनात. उतारावर तो वाहतो, पायाखाली घट्ट होतो, फेकला तर फुटतो. बेसनाचा लाडू वळणाऱ्याला हे सांगायला नको: दाबला की बसतो, ओढला की भुगा.

यासाठी डिस्नेत जे सॉफ्टवेअर उभे राहिले, त्याचे नाव मॅटरहॉर्न. त्यामागचे गणित ॲलेक्सी स्टोमाखिन, जोसेफ टेरन, अँड्र्यू सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली सिग्राफ परिषदेत मांडले. पद्धत मात्र जुनीच. डेबोरा सल्स्की आणि सहकाऱ्यांनी ‘मटेरियल पॉइंट मेथड’ 1990च्या दशकात घन पदार्थांसाठी बांधली होती, आणि तिची मुळे जातात थेट 1950च्या दशकातल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत. सिनेमावाल्यांनी तिला बर्फाचा स्वभाव शिकवला.

बर्फ म्हणजे इथे लाखो कण. प्रत्येकाकडे आपले वस्तुमान, वेग आणि आपण किती दाबले-ताणले गेलो याची नोंद. कणाने कणाला कसे ढकलले हे एकेक करून मोजत बसायचे नाही. कण आपला ऐवज एका न दिसणाऱ्या जाळीवर जमा करतात, बलाचा हिशेब तिथे होतो, नवे वेग कणांकडे परत येतात, कण सरकतात आणि जाळी पुसली जाते. पुढच्या क्षणी पुन्हा कोरी जाळी. ढेकूळ कुठे तुटावे हे कुणी आखून द्यावे लागत नाही. कण एकमेकांपासून पुरेसे लांब गेले की ते तुटलेच.

मला यातले दोन आकडे फार देखणे वाटतात. त्या शोधनिबंधातला नेहमीचा बर्फ सुमारे 2.5 टक्के दबेपर्यंत पूर्ववत होऊ शकतो. ताण मात्र जेमतेम 0.75 टक्के सोसतो. हद्द ओलांडली की बदल कायमचा: दाबाने कडक, ताणाने कमकुवत. हद्दी आवळल्या की कोरडा, भुरभुरीत बर्फ मिळतो. सैल सोडल्या की ओला, ढेकळांचा. चकाकी कितीही उत्तम असो, ढेकूळ चुकीच्या क्षणी फुटले की प्रेक्षकाला खोटेपणा कळतोच.

सेकंदाला 24 फ्रेम आणि एकेका फ्रेमला कित्येक मिनिटांची आकडेमोड, म्हणून हे खर्चिक काम खोल बर्फासाठी राखून ठेवले होते. उथळ पाऊलखुणा ‘स्नो बॅचर’ नावाच्या वेगळ्या साधनाने उमटवल्या.

पुढची गोष्ट डिस्नेच्या कुणाच्या ध्यानीमनीही नसावी. स्वित्झर्लंडमधले हिमस्खलनाचे अभ्यासक योहान गोम यांना सिनेमातला बर्फ इतका खरा वाटला की ते थेट हॉलिवूडला जाऊन तो घडवणाऱ्यांना भेटले. नंतर त्यांनी हाती घेतलेला विषय होता उरल पर्वतातली द्यातलोव्ह खिंड. फेब्रुवारी 1959च्या सुरुवातीला तिथे नऊ गिर्यारोहक मृत्युमुखी पडले होते. तंबू आतून फाडलेला, काहींच्या बरगड्या आणि कवट्या मोडलेल्या. गोम आणि अलेक्झांडर पुझ्रिन यांनी बर्फाचे तेच गणित वापरून झोपलेल्या माणसांवर घसरलेल्या छोट्या थराचा मारा मोजला. माणसाची छाती किती सोसते याची माहिती त्यांनी 1970च्या दशकात गाड्यांच्या सीटबेल्टसाठी मृतदेहांवर झालेल्या चाचण्यांतून घेतली. निबंध जानेवारी 2021 मध्ये छापून आला. छोट्या हिमस्खलनानेही अशा जखमा होऊ शकतात, इतकेच त्यांचे म्हणणे. खिंडीतली बाकीची कोडी सोडवल्याचा दावा त्यांनी केलेला नाही.