तिघांच्या बँडमधली एकच गिटार

रॉक संगीतातल्या त्रिकुटात सहसा गिटार, बेस आणि ड्रम्स एवढीच वाद्ये असतात. १९८१ साली ओसाकात सुरू झालेला ‘शोनेन नाइफ’ हा जपानी बँड याच घडणीचा. त्यात नाओको यामानो गिटारही वाजवतात आणि गातातही. चौथे वाद्य नसल्याने कॉर्ड धरणे आणि सुरावट वाजवणे ही दोन्ही कामे एकट्या गिटारवर येतात. तिचे ध्वनिमुद्रण म्हणूनच नाजूक काम आहे.

जपानमध्ये सरावासाठी भाड्याने मिळणाऱ्या स्टुडिओंत रोलँडचा जेसी-१२० हा अँप्लिफायर हमखास दिसतो. ओसाकात स्थापन झालेल्या या कंपनीने तो १९७५ साली आणला. त्यात ६० वॉटचे दोन स्वतंत्र अँप आणि १२ इंची दोन स्पीकर आहेत. त्याचा प्रसिद्ध ‘कोरस’ कोणत्याही एका स्पीकरमध्ये नसतो. एका बाजूने मूळ स्वर जसाच्या तसा निघतो, दुसऱ्या बाजूने तोच किंचित उशिराने, हलके डोलत येतो. दोन्ही हवेत मिसळले की कोरस ऐकू येतो. एकाच स्पीकरसमोर माइक लावला, तर अर्धाच परिणाम मुद्रित होतो. दोन माइक लावून एक डावीकडे, दुसरा उजवीकडे सोडला, की एकदाच वाजवलेली गिटार दोन्ही बाजू भरून टाकते.

माइकची जागा फार महत्त्वाची. स्पीकरच्या मध्यासमोर आवाज धारदार येतो, कडेकडे सरकावे तसा मऊ होतो. इक्वलायझरला हात लावण्याआधी माइक दोन-तीन सेंटिमीटर सरकवून पाहावा. खोलीचा घुमारा टिपायला लांब दुसरा माइक ठेवला, तर त्यात आवाज उशिरा पोहोचतो. दोन्ही मिसळताना काही कंपने एकमेकांना मारतात. अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक असेल, तर १००० हर्ट्झच्या आसपासचा भाग पोकळ होतो.

मिक्सिंगमध्ये गिटारचा तोच भाग पुन्हा वाजवून थर चढवण्याचा मोह होतो. तो आवरावा; थर वाढले की तिघांमधली मोकळी जागा जाते, आणि त्रिकुटाची ओढ त्या जागेतच असते. गिटारची सर्वांत जाड मोकळी तार ८२ हर्ट्झवर वाजते, बेसची ४१ वर. म्हणून गिटारमधले ८० हर्ट्झखालचे सगळे खुशाल कापावे. मात्र १५० ते ३०० हर्ट्झचा भाग जपावा, गिटारचे अंग तिथे आहे. गाण्याचे शब्द झाकले जात असतील, तर गिटारचा २ ते ४ हजार हर्ट्झचा पट्टा गायनापुरता थोडा उतरवावा. डिस्टॉर्शन असेल, तर कॉम्प्रेशन जवळपास लागतच नाही; आवाज आधीच दाबलेला असतो.

शेवटची पारख स्पीकरवर. यामाहाचा पांढऱ्या पडद्याचा एनएस-१० हा १९७८ साली घरगुती वापरासाठी आला, पण जगभरच्या स्टुडिओंनी तो उचलला. त्यात मधले स्वर पुढे येतात, म्हणून गिटारचा कर्कशपणा लपत नाही. मिक्स लहान आवाजात ऐकावे. तेवढ्यातही गिटार, बेस आणि ड्रम्स वेगवेगळे कळले, तर ते जमले.