वेड पांघरून पेडगावला जातात म्हणे, पण पेडगावला गेल्यावर बघायचं काय?

"उगाच वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस," हे वाक्य आपण आईकडून, मास्तरांकडून, नाहीतर उधारी मागायला आलेल्या मित्राकडून एकदा तरी ऐकलेलं असतं. सगळं माहीत असून काहीच माहीत नसल्याचं सोंग करणं, हा त्याचा अर्थ. पण म्हणीतलं हे पेडगाव खरंच आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीगोंदा तालुक्यात, भीमा नदीच्या काठावर.

'छावा' सिनेमा आल्यापासून या गावाचे रील्स तुमच्याही मोबाईलवर आले असतील. कुणी म्हणतं संभाजी महाराजांना इथं पकडलं, कुणी म्हणतं इथंच त्यांचा शेवट झाला. दोन्ही चूक. मग इथं नेमकं घडलं काय, ते नीट समजून घेऊ.

डोंगर नाही, तरी गड कसा?

बहादूरगड नाव ऐकून तुम्ही ट्रेकिंगचे बूट घालून गेलात, तर फसाल. हा भुईकोट आहे. सपाट जमिनीवर बांधलेला, एका अंगाला भीमेचं पात्र आणि बाकी बाजूंनी तटबंदी. मुघल सुभेदार बहादूरखान कोकलताश याने इथं आपला तळ ठोकला आणि त्याच्याच नावावरून गडाला बहादूरगड हे नाव पडलं.

पण मग इतक्या जागा सोडून पेडगावच का? एकतर भीमेचं पाणी. हजारो माणसं, घोडे, हत्ती, उंट पोसायचे तर पहिली गरज पाण्याची. दुसरं म्हणजे मोक्याची जागा. उत्तरेला अहमदनगरचा किल्ला, पश्चिमेला पुणे प्रांत. मराठ्यांवर नजर ठेवायला यापेक्षा सोयीचं ठिकाण सापडणं अवघड. त्यामुळं पुढं कित्येक वर्षं पेडगाव ही मुघलांची दख्खनमधली मोठी छावणी राहिली.

एक कोटी आणि दोनशे घोडे

आता म्हणीशी जोडला जाणारा किस्सा. साल १६७४. जून महिन्यात रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यातच मराठ्यांनी पेडगावच्या छावणीला दणका दिला.

इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी दिलेली हकीकत अशी. मराठ्यांची दोन हजारांची एक तुकडी छावणीच्या आसपास दिसली. बहादूरखान फौज घेऊन तिच्या मागं लागला. तुकडी पळत सुटली आणि खानाला तब्बल पन्नास मैल दूर घेऊन गेली. तेवढ्यात सात हजारांची दुसरी फौज वेगळ्या वाटेनं आली आणि मोकळ्या पडलेल्या छावणीवर तुटून पडली. बादशहाला नजर करायला जमवलेले दोनशे उमदे घोडे आणि एक कोटीची लूट घेऊन मराठे पसार झाले. जाताना तंबू जाळायला विसरले नाहीत.

पळाल्याचं सोंग करून पेडगाव लुटलं, म्हणून 'वेड पांघरून पेडगाव', असं लोक सांगतात. वेड आणि पेड हे यमक तोंडात बसणारं आहे, त्यामुळं म्हण आधीची आणि किस्सा तिला मागून चिकटला असंही होऊ शकतं. पण किस्सा म्हणीला शोभतो, हे मात्र खरं.

संभाजी महाराज आणि पेडगाव

याच छावणीनं पंधरा वर्षांनी सगळ्यात काळा दिवस पाहिला.

१६८९च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुकर्रबखानानं कोकणात संगमेश्वरला छत्रपती संभाजी महाराज आणि कवी कलश यांना कैद केलं. त्या वेळी खुद्द औरंगजेबाचा मुक्काम बहादूरगडावर हलला होता. १५ फेब्रुवारीच्या सुमारास दोघांना इथं आणलं गेलं. विदूषकासारखे कपडे चढवून, उंटावर बसवून त्यांची धिंड काढली. मराठ्यांचा राजा हाती लागला म्हणून औरंगजेब तख्तावरून उतरला आणि गुडघे टेकून त्यानं ईश्वराचे आभार मानले, असं त्याच्याच दरबारचा इतिहासकार साकी मुस्तैदखान लिहितो.

महाराज झुकले नाहीत. अत्याचारांची सुरुवात पेडगावच्या छावणीतच झाली. पुढं बादशहाची छावणी भीमेच्याच काठानं वर कोरेगावकडं सरकली आणि ११ मार्च १६८९ रोजी, फाल्गुन अमावास्येला, तुळापूर-वढू परिसरात महाराजांची हत्या झाली.

म्हणजे कैद संगमेश्वरला, बादशहासमोर पेडगावला आणि बलिदान तुळापूर-वढूला. पुढच्या वेळी फॉरवर्ड करताना एवढे तीन टप्पे लक्षात ठेवले तरी पुष्कळ आहे. महाराजांच्या आठवणीनं या किल्ल्याला आता धर्मवीरगड म्हणतात.

असंच एक गाव थायलंडमध्येही आहे

उत्तर थायलंडच्या उत्तरादित प्रांतात नान नदीच्या काठावर पिचाई नावाचं गाव आहे. १७७३ साली बर्मी फौजेशी लढताना इथल्या सरदाराची एक तलवार मोडली, तरी तो मोडक्या तलवारीनं लढत राहिला. लोक त्याला 'मोडक्या तलवारीचा फ्राया पिचाई' म्हणतात. पुढं त्याचा राजा ताकसिन मारला गेला, तेव्हा नव्या राजाची चाकरी नाकारून त्यानं मरण पत्करलं, असं तिथं सांगतात. उत्तरादित शहरात १९६९ साली त्याचा पुतळा उभा राहिला आणि थाई माणसं आज मुद्दाम तिथं जातात. आपल्याकडं पेडगावला मात्र अजून बहुतेक लोक म्हणीतच जातात.

गेल्यावर काय बघाल?

सगळ्यात आधी लक्ष्मीनारायण मंदिर. किल्ल्यापेक्षा कितीतरी जुनं, यादवकाळातल्या शैलीचं. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं बघायला अर्धा तास हाताशी ठेवा. बाळेश्वर, मल्लिकार्जुन, रामेश्वर, भैरवनाथ ही मंदिरंही याच परिसरात आहेत. मुघल येण्याच्या शेकडो वर्षं आधी हे गाव नांदतं होतं, याचा हा पुरावा.

दुसरी गोष्ट हत्तीमोट. बैलांची मोट आपल्या आजोबांनी चालवलेली असते. चामड्याची मोट विहिरीत सोडायची, बैल उतारावर पुढं गेले की भरलेली मोट वर येते. इथं हेच काम भीमेच्या पाण्यावर हत्तींकडून करून घेत. वर आलेलं पाणी पुढं किल्ल्यात खेळवलं जायचं. नदीच्या अंगाला त्या बांधकामाचे अवशेष आहेत.

तिसगावहून जायचं कसं?

तिसगाव, पाथर्डीकडून निघालात तर करंजी घाटातून आधी नगर गाठायचं. तिथून दौंड रस्त्यानं श्रीगोंदा आणि मग दक्षिणेला पेडगाव. एकूण साधारण सव्वाशे किलोमीटर, एका बाजूनं तीन तास धरून चला. रेल्वेनं येणाऱ्यांना दौंड जंक्शन जवळ पडतं. थंडीचे महिने उत्तम, कारण उन्हाळ्यात सावली मिळते ती फक्त मंदिरांत. पाणी आणि डबा सोबत ठेवा.

आणि एक विनंती. दगडावर नावं कोरू नका, शिल्पांना टेकून फोटो काढू नका. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या फौजांनी जे शिल्लक ठेवलं, ते आपल्या रीलपायी जायला नको. मंदिरात पाय ठेवताना चपला बाहेर काढतो, तेवढीच काळजी तटाच्या दगडांचीही घेतली तरी पुरे.