पान्याची पारख

आमच्या घरांतून विळी किंवा कढई विकत घ्यावयाची झाली तर तिची जी परीक्षा होते, ती मॅट्रिकच्या परीक्षेहून सोपी नसते. कढई वाजवून पाहिली जाते. विळीचें पातें नखावर लावून पाहिलें जातें. पाट डुगडुगतो कीं काय हें त्यावर बसून पाहिलें जातें. परंतु पाना, पक्कड, हातोडी असल्या वस्तु घेण्याचा प्रसंग आला, कीं हीच चिकित्सक बुद्धि कोठें नाहींशी होते कोण जाणे! ‘लोखंडाचा तुकडा तो, स्वस्तांतला आणा’ असें म्हणून आपण मोकळे होतों. या समजुतीचें प्रायश्चित्त आमच्या घरास नुकतेंच घ्यावें लागलें; म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या उन्हाळ्यांत गच्चीवरील टाकीच्या नळाचा नट गळूं लागला. घरांत माणसें चौदा आणि पाणी दिवसाआड. आम्हीं काटकसरीच्या अभिमानानें रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याशीं घासाघीस करून निम्म्या किमतींत एक चकचकीत पाना आणला. जबडा लहानमोठा करतां येणारा हा पाना. यास कोणी ॲडजस्टेबल पाना म्हणतात, कोणी स्क्रूपाना. थोरल्या बंधूंचा नातू तो घेऊन मोठ्या हौसेनें गच्चीवर गेला. नट घट्ट होता. त्यानें जोर लावतांच जबडा फांकला, पाना निसटला आणि मुलाचा उजवा हात सिमेंटच्या कठड्यावर आदळला. दोन बोटांचीं पेरें सोलून निघालीं व एक सुजून आलें. त्याची परीक्षा चार दिवसांवर होती! इकडे नटाचे कोपरे झिजून तो गोल झाला, गळती वाढली आणि भरलेली टाकी रिकामी करण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. त्या रात्रीं मुलगा डाव्या हातांत चमचा धरून जेवला. आमच्या घशाखालीं मात्र घास उतरेना.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मिस्त्री आला. नट करवतीनें कापून काढावा लागला. नवा बसवितांना त्यानें पिशवींतून काळपट, अंगभर ओरखडे असलेला एक पाना काढला व म्हणाला, “गुरुजी, हा माझ्या वडिलांच्या हातचा. पंचवीस वर्षें झालीं. तुमचा नट वाईट नव्हता, पाना वाईट होता.” मग आमचा पाना घेऊन त्यानें त्याचा जबडा बोटानें हलवून दाखविला. तो पडायला आलेल्या दाढेसारखा डुलत होता. वहिनी जवळच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “भावोजी, विळी घेतांना मी चार दुकानें पालथीं घालतें. तुम्हीं हा घेतांना एकदां तरी हलवून पाहिलात का?” आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

त्यानंतर आम्ही या साध्या वस्तूची माहिती मिळविण्यास लागलों. असे पाने इंग्लंड-अमेरिकेंत पूर्वीपासून होते; परंतु आज सर्वत्र दिसणाऱ्या पान्याचें श्रेय स्वीडन देशांतील योहान पेटर योहान्सन या कारागिरास देतात. १८५३ सालीं जन्मलेल्या या गृहस्थानें १८८६ सालीं एन्शेपिंग गांवीं आपला कारखाना काढला. १८८८ सालीं नळाच्या पान्याचें आणि १८९२ सालीं या पान्याचें पेटंट घेतलें. त्या काळीं नट-बोल्टांच्या मापांत एकवाक्यता नसे. प्रत्येक मापास निराळा पाना बाळगावा लागे. एकाच पान्यानें अनेक मापें साधावीं, हा त्याचा हेतु. पुढें १९०७ सालीं अमेरिकेंतील जेम्सटाउन येथें ‘क्रेसेंट’ नांवाची कंपनी निघाली आणि तिचें नांव तिकडे या पान्याचें सामान्यनामच होऊन बसलें. आपल्याकडेहि नाशिकजवळ सातपूर येथें टपारिया कंपनीनें स्वीडिश कंपनीच्याच तांत्रिक साहाय्यानें १९६९ सालीं हातअवजारें बनविण्यास आरंभ केला.

या पान्याचे मुख्य अवयव तीन: दांड्यास जोडलेला अचल जबडा, पुढेंमागें सरकणारा चल जबडा, आणि अंगठ्यानें फिरवावयाचें मळसूत्र. मळसूत्राचे आटे चल जबड्याच्या दांत्यांत अडकतात. त्यांत ढिलाई असली, कीं सर्व बिघडलें. कसें तें पाहा. दहा इंची पान्यावर आपला हात नटाच्या मध्यापासून सुमारें २१ सेंटिमीटरांवर असतो. आणि मध्यम नटाचा कोपरा त्याच्या मध्यापासून जेमतेम दीड सेंटिमीटरावर. म्हणजे हातानें १० किलोंचा जोर लावला, तर कोपऱ्यांशीं तो सुमारें चौदापट, १४० किलोंइतका होतो. जबडे नटाच्या सपाट बाजूंस चिकटून बसले असतील तर हा भार त्या बाजूंवर वांटला जातो. सैल असतील तर तो केवळ कोपऱ्यांवर पडतो, आणि कोपरे झिजून नट गोल होतो. पुढचा घाव हातावर.

दुसरा भेद धातूचा. चांगला पाना तापलेलें पोलाद साच्यांत दाबून घडविलेला असतो. मग त्यास पाणी देऊन व पुन्हा बेतानें तापवून कठीण, पण ठिसूळ नव्हे, असा करतात. हलका पाना बहुधा कमी प्रतीच्या धातूचा ओतीव असून त्याचें व्यंग मुलाम्याखालीं झांकलेलें असतें. म्हणून चकाकी ही गुणाची खूण समजूं नये. नुसतें वजन ही देखील नव्हे. आणि महाग तें सर्व चांगलें, असेंहि नाहीं. प्रसिद्ध नांवांत एखादें अक्षर फिरवून विकलेले नकली पानेहि बाजारांत असतात; तेव्हां छाप नीट वाचून घ्यावा.

दुकानांत चार गोष्टी कराव्या. जबडा अर्धा उघडून बाजूस हलवून पाहावा. किंचित् हालणारच, पण डुलतां कामा नये. जबडे जवळजवळ मिटवून उजेडाकडे धरावे. मधली फट टोंकापासून बुडापर्यंत सारखी दिसली पाहिजे. मळसूत्र या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरवावें. तें कोठेंहि अडतां किंवा घसरतां कामा नये. शेवटीं एखादा नवा नट मागून त्यावर पाना बसवून पाहावा. घरगुती कामास आठ इंची, म्हणजे २०० मिलिमीटर, आणि दहा इंची, म्हणजे २५० मिलिमीटर, असे दोन पाने पुष्कळ झाले.

वापरण्याचेहि नियम आहेत. पाना ज्या दिशेस फिरवावयाचा, त्या बाजूस चल जबडा असावा. म्हणजे मुख्य ताण अचल जबड्यावर पडतो. पाना ढकलूं नये, आपल्याकडे ओढावा. निसटला तरी बोटें भिंतीवर आदळत नाहींत. दांड्यावर नळी चढवून जोर वाढवूं नये, आणि त्याची हातोडी तर करूंच नये. मळसूत्रास अधूनमधून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. शिवाय हेंहि खरें, कीं ज्या नटाचें माप ठाऊक आहे व नेमक्या मापाचा पाना घरांत आहे, तेथें तोच वापरणें श्रेयस्कर. हा पाना सोयीचा आहे, सर्वगुणसंपन्न नव्हे.

संस्कृत व्याकरणांत, क्रिया सिद्धीस नेण्यास जें अत्यंत साहाय्यभूत होतें, त्यास करण म्हणतात. हा पाठ आम्हीं आयुष्यभर मुलांस शिकविला; पण लोखंडाचें करणहि त्याच आदरास पात्र आहे, हें कळण्यास घरांतील मुलाचा हात ठेंचावा लागला. लेखणी व पोथी यांपलीकडील साधनें म्हणजे दुसऱ्या कोणाची बाब, ही आपल्या घरांतील जुनी खोड याच्या मुळाशीं आहे. मिस्त्रीच्या मजुरींत आपण घासाघीस करतों, तेव्हां त्यानें पिशवींत कसला पाना बाळगावा हेंहि आपण ठरवीत असतों. आणि त्याचीं बोटें आपल्या मुलांच्या बोटांहून निराळ्या धातूचीं नसतात.

मुलानें बोटांस पट्टी बांधूनच सर्व पेपर लिहिले. अक्षर वेडेंवांकडें आलें, पण एकहि पेपर चुकला नाहीं. नवा पाना त्यानें स्वतः दुकानांत जाऊन, उजेडाकडे धरून, निवडून आणला आहे. वहिनींनीं तो हलवून पाहिला आणि मगच कपाटांत ठेवूं दिला.